डिसेंबरात तीर्थनला जा, पण काठी घरी ठेवा

प्रश्न असा आहे: पुण्यातलं एक कुटुंब नाताळच्या सुट्टीत आठवडाभर हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात जाणार आहे. ट्राउटची फ्लाय फिशिंग (किड्यासारखं दिसणारं पिसांचं नकली आमिष, म्हणजे फ्लाय, टाकून केलेली मासेमारी) शिकायची आहे, थंडीतल्या पहाडी गावात राहायचं आहे, तेरा वर्षांची मुलगी सोबत आहे. गळाची काठी कोणती घ्यावी, उतरावं कुठे, आणि एवढ्या थंडीत मासा लागतो का?

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. हिमाचलात ट्राउटच्या नद्यांमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत मासेमारीला बंदी असते. या चार महिन्यांत परवाना मिळत नाही. ‘आम्ही मासा धरून लगेच सोडून देऊ’ हेही चालत नाही. कोणी ‘हो जाएगा जी, कौन देखता है’ म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. नाताळात काठी नेण्याचं कारणच उरत नाही. पण तिकिटं रद्द करू नका. ट्राउट समजून घ्यायचा असेल तर हिवाळ्यातली नदी एकदा पाहायलाच हवी, आणि सराजमधला, म्हणजे तीर्थनच्या या भागातला, हिवाळा पाहण्यासाठी तर गळाची सबबही लागत नाही.

बंदी का, हे नीट समजून घ्या, कारण पुढे नदीत पाय टाकाल तेव्हा प्रत्येक वेळी हे उपयोगी पडेल. आपल्याकडे मासे पावसाळ्यात अंडी घालायला वर चढतात. कोकणात वलगणीचे मासे म्हणतात ते हेच. आपल्या किनाऱ्यावरची मासेमारीबंदीही जून-जुलैत असते. त्यामुळे हिवाळा हा विणीचा काळ असेल हे आपल्या ध्यानात येत नाही. ब्राउन ट्राउटचं सगळं उलटं. दिवस लहान होऊ लागले, पाणी गार पडलं की तो विणीला लागतो. मादी डोहाच्या शेपटाशी जागा शोधते, म्हणजे जिथे संथ पाणी संपून पुन्हा वेग घेऊ लागतं तिथे. अंगावर कलंडून शेपटीच्या फटक्यांनी ती गोट्यांमध्ये खळगा करते, त्यात अंडी सोडते, नर त्यावर रेत सोडतो, आणि मग थोडं वर सरकून ती पुन्हा शेपूट मारते. त्या फटक्यांनी सुटलेली खडी वाहत येऊन अंड्यांवर पसरते. हे घरटं वरून पाहिलं तर आजूबाजूच्या शेवाळलेल्या गोट्यांमध्ये एक फिकट, धुतल्यासारखा पट्टा दिसतो, एवढंच.

आता त्या अंड्यांचा हिशेब पाहा. पाण्याचं सरासरी तापमान गुणिले दिवस हा आकडा साधारण चारशेच्या पुढे गेला की पिल्लू अंड्यातून बाहेर येतं. दहा अंशांच्या पाण्यात सव्वा महिना ते दीड महिना पुरतो. पाच अंशांच्या पाण्यात ऐंशीच्या वर दिवस लागतात. हिवाळ्यात हिमालयातलं पाणी याहूनही गार होतं. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात घातलेली अंडी फेब्रुवारीतही खडीखालीच असतात. बाहेर आलेलं पिल्लूसुद्धा लगेच पोहायला लागत नाही. पोटाला लटकलेल्या पिवळ्या पिशवीवर ते काही आठवडे तिथेच, दगडांच्या फटीत काढतं. एवढा सगळा काळ त्याला एकच गोष्ट हवी असते: खडीतून वाहणारं स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी. त्यावर गाळ बसला तर अंडी गुदमरतात, बूट पडला तर चिरडतात. म्हणून हिवाळ्यात नदीत उतरू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यांतही उथळ खडीवरून चालणं टाळा. मी तरी तेव्हा काठावरून किंवा मोठ्या खडकावरूनच फ्लाय टाकतो, आणि सोबत येणाऱ्यांकडून तेवढंच मागतो.

थंड रक्ताचा प्राणी असल्याने माशाची भूकही पाण्याच्या तापमानावर ठरते. दहा ते सोळा अंशांच्या पाण्यात ट्राउट मनापासून खातो. चार-पाच अंशांवर तो तळाशी, प्रवाह मंद असेल तिथे पडून राहतो. विणीने थकलेला तो मासा गळाला लावून ओढला, तर सोडून दिल्यावर तो सावरेलच असं नाही.

हा मासा मूळचा इथला नाही, हेही सांगायला हवं. ब्राउन ट्राउट युरोपातला. श्रीनगरात गालिच्यांचा व्यवसाय करणाऱ्या फ्रँक मिचेल यांच्या खटपटीतून स्कॉटलंडहून अंडी येऊन १९०० मध्ये काश्मिरात ट्राउट रुजला. काश्मीरहून अंडी आणून १९०९ मध्ये ब्रिटिश अधिकारी हॉवेल यांनी कुलू खोऱ्यात महिली इथे हॅचरी, म्हणजे अंडी उबवण्याचं केंद्र, उभी केली आणि बियासच्या पाण्यात ट्राउट सोडला. इथली जुनी रहिवासी म्हणजे स्नो ट्राउट. उत्तराखंडात तिला असेला म्हणतात. नावात ट्राउट असलं तरी ती कार्पच्या कुळातली. तिच्या वाट्याच्या पाण्यात आणि खाण्यात या पाहुण्याने हिस्सा घेतला. मला ट्राउट फार प्रिय आहे, तरी गळाला असेला लागली तर ती आधी, जास्त हळुवारपणे आणि पाण्याबाहेर न काढता सोडावी, असंच मी म्हणेन.

तीर्थनच का, याचं उत्तर तिच्या वरच्या अंगाला आहे. ही नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या उंच भागातून येते. २०१४ मध्ये हे उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. खाली लारजीजवळ तीर्थन सैंज नदीला भेटून बियासमध्ये जाते. कुलू जिल्ह्यातल्या बहुतेक नद्यांवर जलविद्युत प्रकल्प झाले. तीर्थनवरही ठरले होते. माजी आमदार दिलेराम शबाब यांच्या पुढाकाराने इथले लोक न्यायालयापर्यंत गेले आणि नदी मोकळी राहिली. ट्राउटला डोंगरावरून थेट येणारं गार, खळाळतं पाणी लागतं. ते इथे आहे, कारण माणसं त्यासाठी भांडली. एक ध्यानात ठेवा: उद्यानाच्या हद्दीत मासेमारी नाही. गळ टाकायचा तो खालच्या, गावांच्या पट्ट्यात.

आता हिवाळ्यातला तुमचा आठवडा. चंदीगड-मनाली रस्त्यावर औटच्या बोगद्याआधी उतरायचं, तिथून लारजीवरून बंजार, आणि बंजारहून गुशैणी. हा सगळा रस्ता नदीच्या कडेनेच जातो. राहायला गुशैणी किंवा नागनीच्या आसपास बघा. तिथे फलाचन आणि तीर्थन यांचा संगम आहे, आणि दोन्ही खोऱ्यांत पायी जाता येतं. गुशैणी साधारण दीड हजार मीटरवर आहे. तिथे रोज बर्फ पडत नाही, कधी पडलं तर एक-दोन दिवसांत उतरतं. बर्फच हवं असेल तर दोन रात्री जीभी-शोजाकडे काढा. तिथून वर ३,१२० मीटरवरचा जलोरी घाट हिवाळ्यात बंद असतो, आणि बंद नसला तरी रस्त्यावर काचेसारखं बर्फ जमलेलं असतं. सपाटीवर गाडी चालवणाऱ्याने तिथे धाडस करू नये, स्थानिक चालक घ्यावा.

खोरं अरुंद असल्याने डिसेंबरात ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. गावाचा दिवस त्या उन्हाभोवती बेतलेला असतो. सकाळी घराच्या ज्या अंगाला ऊन, तिथे माणसं. कोणी लोकर कातत बसलेलं, कोणी राजमा निवडत. संध्याकाळी सगळे एका खोलीत, तंदूरभोवती. तंदूर म्हणजे इथे रोटीची भट्टी नव्हे, तर लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी. तिचा नळा छतातून बाहेर काढलेला असतो. त्याच शेगडीवर चहा, त्याच शेगडीवर आंघोळीचं पाणी, आणि तिच्याच उबेला कणीक फुगायला ठेवलेली. त्या आंबवलेल्या कणकेत अक्रोड किंवा खसखस भरून वाफवलेला सिड्डू वर तुपाची धार घेऊन येतो. पहिल्या दिवशी दोनच खा, पोटाला सवय होऊ द्या. बर्फातही अंगाला धरून ठेवणारं हे खाणं आहे.

जुनी घरं काठकुणी पद्धतीची. एक थर देवदाराच्या तुळयांचा, एक थर दगडांचा, असं रचत नेलेलं, सिमेंटशिवाय. खाली गुरं, वर माणसं. गुरांची ऊब वर जाते. भूकंपात लाकूड थोडं हलून दगडांना सांभाळतं. बंजारजवळच्या चैहणी कोठीचा उंच मनोरा याच पद्धतीचा. १९०५ च्या कांगडा भूकंपात त्याचे वरचे मजले गेले, पण बाकीचा मनोरा आजही उभा आहे. तिथे पायी जा. जाताना पाहा, गवताचे भारे घराच्या गच्चीत आणि झाडांच्या बेचक्यांत रचून ठेवलेले असतात. बायकांनी शरद ऋतूत उतारांवरून कापून पाठीवर आणलेलं ते गवत गुरांना वसंतापर्यंत पुरवायचं असतं. हिवाळ्याचं खरं काम हिवाळ्याआधीच संपलेलं असतं.

बागेत मात्र काम चालूच असतं. सफरचंदाची छाटणी याच दिवसांत होते, खोडाभोवती आळं करून शेणखत घातलं जातं. इथे त्या आळ्याला तौलिया म्हणतात. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात सात अंशांखालच्या थंडीचे तास लागतात. इथल्या डेलिशियस जातींना हजाराहून जास्त. ते भरले नाहीत तर फुलोरा विस्कळीत येतो. म्हणून बर्फ पडलं की शहरातला पाहुणा फोटो काढतो आणि बागवाला पुढच्या ऑगस्टचा विचार करतो. मासेमाराचाही स्वार्थ त्यातच. वर साठलेलं बर्फ हे उन्हाळ्यातलं नदीचं पाणी आहे. कोरडा हिवाळा गेला की मे महिन्यात उथळ पाण्यावर त्याचा परिणाम दिसतो.

गावाचं देवाशी नातंही हिवाळ्यात वेगळं दिसतं. जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीला, कुलू भागातले अनेक देवता स्वर्गात इंद्राच्या सभेला जातात, अशी श्रद्धा आहे. त्या काळात देवळाची दारं बंद राहतात. देवता परत आली की तिचा गूर, म्हणजे तिच्या वतीने बोलणारा माणूस, अंगात येऊन वर्षाचं भाकीत सांगतो: पाऊस कसा, पीक कसं, रोगराई आहे का. फेब्रुवारीत बंजारकडच्या गावांमध्ये फागली होते. लाकडी मुखवटे आणि गवताचे पोशाख घालून पुरुष नाचतात. तुमच्या तारखांना हे दोन्ही मिळणार नाही. पण सहल फेब्रुवारीच्या मध्यावर सरकवून दोन-अडीच आठवड्यांची करता आली तर फागली बघून मार्चच्या पहिल्या दिवशी पाण्यावर उभं राहणं जमू शकतं. मुलीच्या शाळेचं बघून ठरवा. देवळात जाताना चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवा, आणि देवतेच्या पालखीला किंवा वाद्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. इथे ते फार गंभीरपणे घेतात.

नदीसाठी दिवसातला एक तास राखून ठेवा, दुपारी, ऊन पाण्यावर असताना. पोलराइज्ड चष्मा घाला, त्याने पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसतो. पुलावर किंवा उंच काठावर बसा. सुरुवातीला काही दिसणार नाही. मग एखाद्या दगडाची सावली हलते, आणि तो दगड नसून मासा असल्याचं कळतं. तो कुठे उभा आहे, कोणत्या दगडाआड, प्रवाहाच्या कोणत्या कडेला, हे वहीत काढून ठेवा. आत्ता दिसलेल्या आडोशांतले बरेचसे मार्चमध्येही कामाचे असतात. थंडीतही दुपारी पाण्यावर बारीक चिलटांसारखे किडे उडताना दिसतील. काठावरचा ओला, सैल दगड उचला, खाली मेफ्लाय आणि कॅडिस या पाणकिड्यांच्या अळ्या असतील. काही कॅडिस वाळूच्या कणांची नळी करून तीत राहतात. दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. ट्राउटच्या खाण्यातला मोठा वाटा पाण्याखालच्या याच अळ्यांचा असतो, त्यामुळे ‘कोणती फ्लाय घेऊ’ याचं उत्तर दुकानाआधी त्या दगडाखाली मिळतं.

जमलं तर सरकारी ट्राउट फार्म पाहण्याची परवानगी मागा. हिवाळ्यात तिथे मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढतात, त्यात नराचं रेत मिसळतात आणि ट्रेमध्ये वाहत्या पाण्याखाली ठेवतात. मेलेली अंडी पांढरी पडतात. त्यांची बुरशी शेजारच्यांना लागू नये म्हणून ती एकेक वेचून काढावी लागतात. खडीखालची गोष्ट इथे मुलीला उघड्यावर दिसेल. ट्राउट खायचा असेल तर फार्मवरचाच खा.

आता शिकण्याबद्दल, कारण ते पुण्यातच सुरू करायचं आहे. साध्या गळात वजन शिशाचं किंवा आमिषाचं असतं, तेच दोरी ओढत नेतं. फ्लायला वजनच नसतं, ती म्हणजे आकड्यावर बांधलेली चार पिसं. वजन असतं दोरीला. म्हणून फेकायची ती दोरी, फ्लाय तिच्या मागून जाते. काठी मागे नेऊन थांबवायची, दोरी मागे सरळ उलगडेपर्यंत वाट पाहायची, मग पुढे आणून पुन्हा थांबवायची. सगळी जादू त्या थांबण्यात आहे. गोफणीत जसं फिरवण्यापेक्षा सोडण्याच्या क्षणाला महत्त्व, तसं इथे थांबण्याला. नवशिके जोर लावतात आणि वाट पाहत नाहीत. मग दोरी डोक्यामागेच कोसळते. घराजवळच्या मैदानावर सकाळी वीस मिनिटं, आकड्याच्या जागी लोकरीचा लाल तुकडा बांधून सराव करा. मान वळवून मागची दोरी बघा. आठ-दहा मीटर सरळ पडली की पुरे. तीर्थनवर त्याहून लांब फेक क्वचितच लागते, मागे झाडं असतात.

काठी पाच नंबरची (हा नंबर दोरीच्या वजनाचा), नऊ फुटांची. तरंगणारी दोरी, तिला जोडायचा नऊ फुटी निमुळता लीडर, म्हणजे पारदर्शक धागा, टोकाला ०.१५ मिलिमीटरच्या आसपासचा धागा. रील साधी चालते. पहिल्याच वर्षी महागाची काठी घेऊ नका, ते पैसे चांगल्या गाइडवर आणि घसरणार नाहीत अशा बुटांवर घाला. फ्लायमध्ये फेझंट टेल आणि हेअर्स इअर या निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या, एल्क हेअर कॅडिस आणि अ‍ॅडम्स या पृष्ठभागावरच्या, एवढ्यांवर पहिला हंगाम निघतो. आकड्याचं उलटं टोक पक्कडीने दाबून टाका, मासा सोडताना जखम होत नाही.

हिवाळ्याच्या रात्री फ्लाय बांधायला शिका. तंदूरशेजारी बसून करायला यासारखं काम नाही. पिसांच्या बाबतीत मात्र सावध राहा. सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर लाखेच्या थेंबासारखी चमकणारी पिसं असतात. विलायतेत सॅमनच्या फ्लाय बांधायला या पिसांना पिढ्यानपिढ्या मोठी मागणी राहिली. तो पक्षी आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, आणि हिमाचलातले मोनाल व जुजुराणा हे पक्षीही. त्यांची पिसं कोणी विकायला आणली तर घेऊ नका. गावठी कोंबड्याच्या मानेची आणि पाठीची पिसं सगळ्या गरजा भागवतात.

प्रत्यक्ष मासेमारीसाठी मी दोन काळ सुचवेन. एक, मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, बर्फ जोरात वितळायला लागण्याआधी. पाणी गार पण नितळ असतं, दुपार ही उत्तम वेळ. दुसरा, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. दोन्हींत मला ऑक्टोबर जास्त आवडतो. पाणी उतरलेलं असतं, किडे भरपूर असतात, आणि नवशिक्याला मासा दिसतो तरी. मात्र महिन्याच्या शेवटी विणीच्या रंगात आलेले, जोडीने उभे राहिलेले मासे दिसले तर बंदी सुरू व्हायची असली तरी त्यांना सोडून पुढे जा. जुलै-ऑगस्टचा विचारच करू नका. जुलै २०२३ च्या पुराने बियास आणि तिच्या उपनद्यांच्या काठांची काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिलं आहे. परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून दिवसाच्या हिशेबाने मिळतो. दर, रोजची मर्यादा आणि लहान मासा सोडण्याचं माप त्या वर्षीचं विचारून घ्या.

राहिला मुलीचा प्रश्न. तेरा हे या विद्येसाठी उत्तम वय आहे. मुलं जोर लावत नाहीत, म्हणून ती लवकर फेकायला शिकतात. तिच्यासाठी वेगळी लहान काठी नको, हीच चालेल, फक्त मूठ थोडी बारीक बघा. दोन गोष्टींत सवलत नाही: आकडा बांधलेला असताना डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी, आणि पाण्यात गुडघ्याच्या वर उतरायचं नाही. तीर्थन दिसते त्यापेक्षा जोरात ओढते आणि गोटे निसरडे आहेत. डिसेंबरात तिला वही आणि चष्मा द्या, मासे हेरण्याचं काम तिच्याकडे सोपवा. परतल्यावर मैदानावरचा सराव दोघांनी मिळून करा, आणि ऑक्टोबरच्या सुट्टीचं आरक्षण उन्हाळ्यातच करून टाका, कारण दसऱ्याच्या दिवसांत कुलूकडे जागा मिळत नाही.